दोन लाख व्ह्यूज आणि चाळीस वाचक

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४९, बँकेत नोकरी करतात. बालपण जुन्या नाशकात गेलं, आता इंदिरानगरला राहतात. २०१६ पासून गुगलच्या ब्लॉगरवर जुन्या नाशिकबद्दल लिहितात. वाडे, घाट, आळ्या, सणवार असे २१२ लेख झालेत आणि रोज सरासरी ४० जण ब्लॉगवर येतात. गेल्या वर्षी भाच्याने इन्स्टाग्रामचं खातं उघडून दिलं. रंगपंचमीच्या रहाडीवरची (रंगाने भरलेल्या जुन्या हौदावरची) २२ सेकंदांची रील २ लाख ४० हजार व्ह्यूजपर्यंत गेली. भाचा म्हणतो, "मावशी, ब्लॉग बंद कर, रोज एक रील टाक." त्यांनी दीड महिना तसं केलं. त्या रील्स हजाराच्या पुढे गेल्या नाहीत आणि ताई थकल्या. त्यातच सरकारवाड्यावरचा त्यांचा लेख नाव काढून व्हॉट्सॲपवर फिरत फिरत नणंदेकडून त्यांनाच आला. त्या विचारतात: "लोकांनी वाचणं सोडलंय का? ब्लॉग बंद करू का? माझ्यानंतर हे सगळं कुठेतरी राहावं, एवढंच वाटतं."

ताई,

तुम्ही जाता जाता जे शेवटचं वाक्य लिहिलंत, तिथून सुरुवात करते. ते तुमच्या भाच्याने वाचलं असतं, तर ब्लॉग बंद कर असं तो म्हणाला नसता. स्टोरी २४ तासांत जाते. रील महिन्याभरात इतकी खाली सरकते की स्वतःचीच जुनी रील शोधायला बोट दुखेपर्यंत स्क्रीन ढकलावी लागते. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गुगल प्लस २०१९ मध्ये. टिकटॉकवर तर २०२० च्या जूनमध्ये सरकारने बंदी घातली आणि लाखो फॉलोअर असलेल्यांचा आपल्या प्रेक्षकांशी असलेला धागा एका रात्रीत तुटला. राहायला हवं असेल तर लेखाला स्वतःचं घर लागतं. तेव्हा ब्लॉग ठेवायचाच.

पण एवढं सांगून तुमचं काम होत नाही. तुमच्या प्रश्नात "लोकांनी वाचणं सोडलंय" हे तुम्ही गृहीत धरलंय, आणि तुम्ही सोबत पाठवलेले आकडे मला वेगळंच सांगतात.

आधी त्या २ लाख ४० हजारांचं बघू. इन्स्टाग्रामवर व्ह्यू म्हणजे रील जितक्या वेळा सुरू झाली तो आकडा. एकाच माणसाने तीनदा पाहिली तर तीन. किती खात्यांपर्यंत पोचली ते "रीच"मध्ये दिसतं, तो आकडा याहून लहान असतो. त्याच इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्रामच्या आकडेवारीत, पाहण्याचा सरासरी वेळ ५ सेकंद आहे, आणि बायोमधल्या, म्हणजे खात्यावरच्या ओळखीतल्या, लिंकवर टिचक्या पडल्यात ३१. म्हणजे ब्लॉगवर एका दिवसात येतात त्याहूनही कमी. उलट रोजचे ४० म्हणजे वर्षाला साडेचौदा हजारांच्या आसपास भेटी, आणि यातले बहुतेक जण काहीतरी शोधत आपल्या पायांनी आलेत. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात गर्दी असते, धक्के बसतात, लोक बघून पुढे जातात. सराफ बाजारात माणूस शोधत येतो, दुकानाची पाटी वाचतो आणि आत बसतो. दोन्हीकडची माणसं मोजायची रीत वेगळी. रील बाजारातली आहे, तिला दुकानाचा हिशेब लावू नका, आणि दुकान बाजारासारखं गजबजत नाही म्हणून त्याला कुलूपही घालू नका.

आता खरी गोम. तुमच्या दुकानाला पाटीच नाही.

तुमचा रहाडीवरचा लेख मी वाचला. पेशवेकाळापासूनचे हौद, वर्षभर रस्त्याखाली झाकून ठेवलेले, फाल्गुन वद्य पंचमीला उघडायचे, पूजा, प्रत्येक रहाडीचा ठरलेला रंग, मग धप्पा, म्हणजे त्या रंगात उडी. सगळं आलंय, आणि तिवंधा चौकात गर्दीत उभं राहिल्यासारखं आलंय. पण लेखाचं शीर्षक काय? "रंगात रंगुनी साऱ्या". पहिला परिच्छेद वसंत ऋतूवर. "रहाड" हा शब्द पहिल्यांदा येतो तो चौथ्या परिच्छेदात. जो माणूस गुगलवर "नाशिकची रहाड म्हणजे काय" असं विचारतोय, त्याच्यासमोर हा लेख यावा तरी कसा? यंत्राला कविता कळत नाही, त्याला नाव लागतं. मराठी ब्लॉगर मंडळींचं हे जुनं दुखणं आहे. शीर्षक दिवाळी अंकासारखं देतात, जिथे वाचकाच्या हातात अंक आधीच असतो. इथे शीर्षकानेच वाचकाला हात धरून आणायचं असतं.

हाच लेख असा करा. शीर्षक: "नाशिकची रहाड म्हणजे काय? कुठे आहे, कधी उघडते, धप्पा कसा मारतात". पहिल्या दोन वाक्यांत सरळ उत्तर. मग तुमचा वसंत ऋतू खुशाल येऊ द्या, तो काढा असं मी म्हणणार नाही. मध्ये उपशीर्षकं द्या, पण नुसता ठसा जाड करून नाही. ब्लॉगरच्या पट्टीतला "हेडिंग" प्रकार निवडून. "रहाड" शब्दाचं रोमन स्पेलिंगही लेखात एकदा येऊ द्या, कारण मराठी माणूस बोलतो मराठी, पण मोबाइलवर शोधताना बरेचदा इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. फोटोखाली "छायाचित्र १" असं लिहू नका. "रंगपंचमीला उघडलेली शनी चौकातली रहाड, नाशिक" असं लिहा. फोटोत काय आहे ते यंत्राला शब्दांतूनच नेमकं कळतं. त्याच कारणाने संपूर्ण लेखाचा स्क्रीनशॉट काढून फेसबुकवर टाकण्याची तुमची सवयही सोडा.

दुसरी पाटी म्हणजे लेखाचा पत्ता. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर पत्त्यात नुसतं "ब्लॉग पोस्ट" आणि एखादा आकडा घालतो. तुमच्या जवळपास सगळ्या लेखांचे पत्ते असेच आहेत, म्हणजे पत्त्यावरून ना वाचकाला काही कळतं ना गुगलला. नवा लेख प्रकाशित करण्याआधी उजव्या बाजूच्या पट्टीत "पर्मालिंक" उघडा, "कस्टम" निवडा आणि तीन-चार शब्द रोमन लिपीत लिहा. अक्षरं छोटी, शब्दांमध्ये आडवी रेघ. जुन्या २१२ लेखांना मात्र सरसकट हात लावू नका. पत्ता बदलला की आधी कुणी शेअर केलेली लिंक मरते. बदलायचाच असेल तर लेख मसुद्यात नेऊन पत्ता बदला, पुन्हा प्रकाशित करा, आणि सेटिंग्जमध्ये "एरर्स अँड रीडायरेक्ट्स" खाली जुना पत्ता नव्याकडे वळवा. दोन्ही पत्ते तिरक्या रेघेपासून पुढचे घ्यायचे आणि "पर्मनंट"वर खूण करायची. ही उठाठेव फक्त दहा-बारा लेखांसाठी पुरे.

(वर्डप्रेसवर लिहिणाऱ्यांची अडचण उलटी असते. तिथे पत्ता देवनागरीत तयार होतो, दिसतो छान. पण लिंक कॉपी केली की अनेकदा एकेका देवनागरी अक्षराची नि मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात. "नाशिक" एवढ्या शब्दाची ४५. व्हॉट्सॲपवर अशी टक्क्यांच्या चिन्हांची शेपटी पाहून लोकांना ती फसवी लिंक वाटते. त्यांनीही पत्ता रोमन आणि छोटा ठेवावा.)

कोणते दहा-बारा लेख? ते अंदाजाने ठरवू नका. गुगल सर्च कन्सोल फुकट आहे. ब्लॉग ज्या खात्याने चालवता त्याच खात्याने उघडलात, तर मालकी सहसा आपोआप मान्य होते. आत "परफॉर्मन्स"मध्ये मागच्या १६ महिन्यांपर्यंतचे शोधशब्द दिसतात: कोणत्या शब्दांवर तुमचा लेख किती वेळा दिसला, किती टिचक्या पडल्या, सरासरी कितव्या क्रमांकावर होता. ज्या शब्दांवर तुम्ही ८ ते २० या क्रमांकांत आहात ते आधी निवडा. तिथे लेख दारापर्यंत आलेला असतो, शीर्षक आणि पहिला परिच्छेद सुधारला की आत येण्याची शक्यता सर्वांत जास्त. पन्नासाव्या क्रमांकावर असलेल्यांसाठी जीव काढू नका. आणि जाता जाता ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये "प्रायव्हसी"खाली ब्लॉग सर्च इंजिनांना दिसू देण्याचं बटण चालू आहे ना, तेही पाहा. कधीकाळी प्रयोग करताना ते बंद झालेलं असतं आणि मग माणूस वर्षानुवर्षं वाचकांना दोष देत बसतो.

नवीन काय लिहावं, हेही लोकांच्या प्रश्नांतूनच सापडतं. २०१५ नंतर आता २०२७ ला सिंहस्थ आहे. बाहेरगावच्या माणसाला साधा प्रश्न पडतो: कुंभ नाशिकला असतो की त्र्यंबकेश्वरला? दोन्हीकडे. वैष्णव आखाड्यांचं स्नान नाशिकला रामकुंडावर, शैव आखाड्यांचं त्र्यंबकला कुशावर्तावर. रामकुंडाजवळ अजून कोणती कुंडं आहेत, कपालेश्वरासमोर नंदी का नाही, काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला तेव्हा पंचवटीत काय घडलं, अशा एकेका प्रश्नाला एक लेख. हे तुम्ही बसल्या बैठकीला लिहाल. पर्वणीच्या तारखा, वाहतुकीचे बदल, गर्दीच्या बातम्या यांच्या मागे मात्र लागू नका. त्या बदलतात, प्रशासन त्या जाहीर करतं, आणि तुमच्या जुन्या लेखातली चुकीची तारीख धरून एखादं कुटुंब लहान मुलांसह चुकीच्या दिवशी घाटावर पोचायला नको.

आता रील. रोज एक, हा भाच्याचा हट्ट मला पटत नाही, आणि कारण आळशीपणाचं नाही. रोज टाकायचं ठरवलं की तिसऱ्या आठवड्यात माल संपतो. मग चालू गाण्यावर गोदाकाठचा सूर्यास्त येतो, मग मिसळ येते. तुमच्या दीड महिन्याच्या यादीत नेमकं हेच झालंय: ४४ रील्स, त्यातल्या १९ खाण्याच्या. रहाडीमुळे आलेल्या माणसाला मिसळ दाखवली, तो थांबला नाही. मिसळीसाठी आलेल्याला वाड्याची कोरीव तुळई दाखवली, तोही थांबला नाही. लोक सुरुवातीलाच पुढे सरकले की रील आणखी लोकांना दाखवली जात नाही. महिन्याला चार करा, आणि चारही लेखांतूनच काढा. एक मोठा लेख पंधरवड्याला, त्यातून दोन रील्स. बँकेतून घरी आल्यावर रोज दोन तास जे तुम्ही कॅप्शनवर घालवता, ते वाचतील.

रीलचं एक उदाहरण सविस्तर देते. तांबट लेनवर तुमचा लेख आहे. तिथे गेलात तर गाणं लावू नका. तांब्याच्या पत्र्यावर पडणारे ठोके हेच त्या रीलचं संगीत. फोन उभा धरा, हातोडीपासून दीड-दोन फुटांवर, आणि सलग १२ सेकंद हलू नका. हात आणि भांडं एवढंच चौकटीत. चेहरा घ्यायचा तर आधी विचारून. पहिल्या सेकंदातच ठोका ऐकू यायला हवा, "नमस्कार मंडळी, आज आपण" यात तीन सेकंद गेले की निम्मे लोक गेले. मग तुमचा आवाज, एकच माहिती: या भांड्याला ठोके का मारतात? नुसत्या नक्षीसाठी नाही, ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांड्याला सहजासहजी पोचा येत नाही. आवाज नंतर घरी, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून रेकॉर्ड करा. मराठी अक्षरं स्क्रीनच्या मधल्या भागात लिहा. खालच्या पाचव्या हिश्शात कॅप्शन आणि बटणं येतात, तिथलं वाचताच येत नाही. शेवटी "फॉलो करा"ऐवजी पुढचा प्रश्न ठेवा: या लेनचं नाव तांबट, मग इथे रंगपंचमीला रहाड कशी? उत्तर ब्लॉगवर.

आणि त्या उत्तरापर्यंतचा पूल नीट बांधा, तुमच्याकडे नेमका तोच तुटलाय. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक टिचकी मारून उघडत नाही, आणि तुम्ही ४४ कॅप्शनमध्ये ती चिकटवली आहे. बायोमध्ये पाचपर्यंत लिंक देता येतात. तिथे ब्लॉगचं मुखपृष्ठ देऊ नका, २१२ लेखांत माणूस हरवतो. रहाडीचा, सरकारवाड्याचा, घाटांचा असे थेट लेख द्या. रील टाकली की त्याच दिवशी स्टोरी टाका, तिला लिंकचा स्टिकर लावा आणि ती स्टोरी "रहाडी", "वाडे", "घाट" अशा हायलाइट्समध्ये ठेवा. तिथे ती २४ तासांनंतरही राहते, लिंकही चालते. समोरून लेख चटकन उघडला पाहिजे, त्यासाठी फोटो हलके हवेत. तुमच्या एका लेखात मोबाइलमधून थेट चढवलेले २५ फोटो आहेत, एकेक ४ एमबीचा. रुंदी १२०० पिक्सेल करा, वजन २०० केबीच्या आसपास आणा. फोनवर बघताना फरक दिसत नाही.

रीलला मिळालेले लाइक मोजू नका. सेव्ह आणि शेअर बघा. कुणी "आमच्या आजोळचा वाडा याच गल्लीत होता" अशी कमेंट केली असेल तर त्या एका माणसाला नीट, सावकाश उत्तर द्या. पुढच्या लेखाचं साहित्य बहुतेक त्याच्याकडे आहे.

फेसबुकबद्दल फार बोलत नाही. पान असू द्या, महिन्यातून दोनदा लेखाची लिंक आणि चार ओळी टाका, पुरे.

तुमचा खरा वाचकवर्ग व्हॉट्सॲपवर आहे. जुन्या नाशकातून पुण्या-मुंबईला, परदेशी गेलेले, वाडे विकून फ्लॅटमध्ये गेलेले. सध्या तुम्ही ब्रॉडकास्ट लिस्टने लेख पाठवता आणि "अर्ध्यांना मिळतच नाही" अशी तक्रार करता. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, आणि एका यादीत २५६ जणांची मर्यादा आहे. ग्रुप काढू नका, दोन दिवसांत सुप्रभात सुरू होतं. चॅनेल काढा, ही सोय भारतात २०२३ पासून आहे. फॉलोअरना तुमचा नंबर दिसत नाही, एकमेकांचेही दिसत नाहीत, मर्यादेची चिंता नाही. महिन्याला दोन लेख, अधूनमधून एखादा जुना फोटो, बस. चॅनेलची लिंक प्रत्येक लेखाच्या तळाशी द्या.

लेख चोरीला गेला, त्याचं दुःख कळतं, त्यात नणंदेने "किती छान लिहिलंय कुणीतरी" म्हणून पाठवावा म्हणजे कळसच. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखावर तुमचा हक्क लिहिल्या क्षणापासून आहे, नोंदणीची अट नाही, आणि ब्लॉगवरची तारीख हा बऱ्यापैकी भक्कम पुरावा. कुणी वेबसाइटवर उचलला असेल तर गुगलकडे, फेसबुक-इन्स्टावर असेल तर मेटाकडे कॉपीराइटचा फॉर्म भरा. मूळ लिंक आणि चोरलेली लिंक दोन्ही लागतात. व्हॉट्सॲपचं फॉरवर्ड मात्र थांबवता येत नाही. म्हणून त्यालाच कामाला लावा. प्रत्येक लेखाचं १५० शब्दांचं फॉरवर्ड करण्याजोगं रूप तुम्हीच तयार करून चॅनेलवर टाका. नाव तळाशी टाकलं तर कापतात. ते मधल्या एखाद्या वाक्यात असं गुंफा की काढलं तर वाक्यच पांगळं होईल, आणि लिंक गोष्ट रंगात आलेल्या जागी द्या. तरी कापणारे कापतील. बाकीचे तुमच्या दारी येतील.

ज्यांचे जुने लेख श्रीलिपी किंवा तशा फाँटमध्ये पडून आहेत, त्यांनी ते युनिकोडमध्ये आणल्याशिवाय ब्लॉगवर चिकटवू नयेत, अगम्य चिन्हं दिसतात. कन्व्हर्टर मिळतात, पण पहिली वेलांटी आणि रफार यांत हमखास घोळ होतो, तेव्हा एकदा डोळ्यांखालून घालाच.

फोटोंबाबत एक विनंती. घाटावर स्नान करणाऱ्यांचे, विशेषतः बायकांचे आणि मुलांचे, फोटो घेऊ नका, रील कितीही "चालणारी" असली तरी. वाडे राहती घरं आहेत. दिंडीदरवाजाच्या आतलं काहीही टाकण्याआधी मालकांना दाखवा. आणि एखादं हॉटेल किंवा पैठणीचं दुकान फुकट वस्तूच्या बदल्यात रील मागू लागलं, तर तिच्यावर "जाहिरात" असं स्पष्ट लिहा. नियम तसाच आहे.

"माझ्यानंतर"चं काम एका रविवारचं आहे. ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून "बॅकअप" उतरवा. त्या फाइलमध्ये मजकूर आणि प्रतिक्रिया येतात, फोटोंच्या नुसत्या लिंक येतात. म्हणून मूळ फोटो लेखाच्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये, दोन ठिकाणी ठेवा. महत्त्वाचे लेख इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. लिंक टाकून बटण दाबायचं असतं. दोन वर्षं न वापरलेलं गुगल खातं काढून टाकलं जाऊ शकतं. त्यासाठी "इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर"मध्ये ३ ते १८ महिन्यांची मुदत ठरवून विश्वासातल्या माणसाचं नाव देता येतं. स्वतःचं डोमेन घेतलंत तर उत्तम, वर्षाला साधारण हजारभर रुपये. उद्या ब्लॉगर सोडलं तरी लेखांचा पत्ता तुमचाच राहील. नूतनीकरण आपोआप होईल असं लावा, डोमेन जातात ती बहुतेकदा विसरल्याने.

सुरुवात रहाडीच्या लेखापासून करा, आणि ती रंगपंचमीच्या निदान सहा आठवडे आधी. बदललेला लेख गुगलने पुन्हा वाचून वर आणायला वेळ लागतो. धुळवडीच्या दिवशी शीर्षक बदलून उपयोग नाही. भाच्याला कामावरून काढू नका, कॅमेऱ्यामागे त्याची नजर चांगली आहे. फक्त एक गोष्ट आज रात्रीच करा. तुमच्या पत्रावरून दिसतं की इन्स्टाग्रामचं खातं त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या नंबरवर उघडलंय. दोन्ही बदलून तुमचे टाका, दुहेरी पडताळणी चालू करा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्याचा फोन हरवला तर तुमचे सहा हजार फॉलोअर त्याच्यासोबत जातील.